नर्सरीपाशी हळू होणारी बस

शिवणकामाच्या कारखान्यात तिचं काम एकच. दुसऱ्याची चूक शोधायची. मशीनवरून उतरलेला शर्ट तिच्या टेबलावर आला की ती तो उलटा करायची, बगलेत बोट घालून बघायची, कॉलर ओढून बघायची, आणि सुटलेला टाका सापडला की तिथे लाल चिकटपट्टीचा तुकडा लावून शर्ट परत पाठवायची. कारखान्यातल्या बाया तिला भिंगबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नुसतं "बाई" म्हणून गोड हाक मारली तर तिच्या मनात यायचं, हिचं काहीतरी काम अडलंय माझ्यापाशी.

आता दिवसभर जे डोळे चूक शोधतात, ते संध्याकाळी घरी आल्यावर काही खुंटीला टांगून ठेवता येत नाहीत. भाजीवाला वजन करायला लागला की ती काट्याकडे नाही, त्याच्या करंगळीकडे बघायची. दूधवाला हसला, की आज दूध पातळ. लेकीसाठी स्थळ आलं, मुलगा सालस, शांत, कमावता. तर हिची झोप उडाली. एवढा चांगला मुलगा अजून बिनलग्नाचा राहिला कसा, म्हणून.

एका माणसावर मात्र तिने कधी संशय घेतला नव्हता, तो म्हणजे नवरा. तो बसचा ड्रायव्हर. बोलायला कंजूष, जेवायला उदार. लग्न झाल्यावर सुरुवातीलाच तिने त्याला आतून-बाहेरून उलटा करून बघितला होता, कुठे टाका सुटलेला दिसला नाही, आणि मग जो पास करून टाकला तो टाकलाच.

सगळं सुरू झालं ते एका रोपापासून. एका संध्याकाळी नवरा घरी आला तो हातात काळी प्लॅस्टिकची पिशवी धरून. पिशवीत ओली माती, मातीत वीतभर झाड.

"हे काय?" तिने विचारलं.

"झाड."

"ते दिसतंय मला. कुठून आणलं?"

"रस्त्यात मिळालं."

"रस्त्यात खिळे मिळतात, दगड मिळतात. अशी पिशवीत लावलेली झाडं कुणी रस्त्यात टाकून जात नाही."

"मिळालं गं," असं म्हणून त्याने मोरीत जाऊन नळ सोडला आणि डोकं त्याखाली धरलं.

माणूस लपवाछपवी करायला लागला की आधी नळ सोडतो, असं तिचं पक्कं मत होतं.

त्यानंतर दुसरं रोप आलं, मग तिसरं. गॅलरीत रांग लागली. ज्या माणसाने जन्मात कधी स्वतःचा उष्टा पेला उचलून ठेवला नाही, तो सकाळी तांब्या घेऊन एकेका झाडाला पाणी घालायला लागला. खाकी शर्टाच्या बाहीवर लाल मातीची बोटं उमटलेली असायची. बोटं त्याची नव्हती. त्याचा पंजा रुंद, आणि हे ठसे बारीक. तिने शर्ट उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. लाल चिकटपट्टी जवळ असती तर तिथल्या तिथे लावली असती.

मग बाजारात किराण्याच्या दुकानात त्याच्या बसचा कंडक्टर भेटला. कंडक्टर म्हणजे बोलघेवडा प्राणी, तोंड तिकिटाच्या मशीनसारखं चालायचं.

"काय वहिनी, बाग फुलली म्हणे तुमच्याकडे!"

"कसली बाग?"

"घ्या! म्हणजे घरात बाग आणि घरधनिणीला पत्ता नाही. अहो, आमचे साहेब एरवी गाडी कशी चालवतात? पाटीवर ऐंशी तर ऐंशी, साठ तर साठ. पण पुलाच्या अलीकडचा तो उतार आला, नर्सरी दिसली, की जसं काय दुधाचं पातेलं मांडीवर घेऊन बसलेत. मागचे हॉर्न मारून मारून थकतात. आणि तिकडून हात काय हलतात, इकडून हात काय हलतो!"

"कुणाचे हात?"

कंडक्टरने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं मशीन बंद पडलं. "मी जरा साखर घ्यायला आलो होतो," एवढं म्हणून तो साखर न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबा खाताना तिने काज-बटणवालीला सगळं सांगितलं. काज-बटणवाली तिची जुनी मैत्रीण. तिच्याकडे सल्ला मागितला की तो फुकट मिळायचा आणि मनाला महाग पडायचा.

"पुरुष गाडी हळू कशाला करतो?" काज-बटणवाली म्हणाली. "दोनच गोष्टींसाठी. पोलीस दिसला की, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"आता तू भिंग. मी काय सांगू? माझा नवरा तर पोलीस दिसला तरी हळू करत नाही, म्हणून मी निर्धास्त आहे."

हसणं झालं, पण घास काही उतरला नाही. तिला आठवायला लागलं. गेल्या कित्येक दिवसांत याची बस उशिरा पोचते, डेपोतून विचारणा होते, आणि हा "वाटेत गर्दी होती" म्हणून सांगतो. म्हणजे हा डेपोशीही खोटं बोलतोय. माणूस नोकरी पणाला लावतो ती काय झाडांसाठी? तिला रडू आलं नाही. राग आला तो स्वतःच्या डोळ्यांचा. सगळ्या जगाचे टाके तपासले आणि घरातलाच शर्ट न बघता पास केला!

तिने ठरवलं, आपण स्वतः त्या बसने जायचं आणि डोळ्यांनी बघायचं. पण तो गाडीवर असताना कसं जाणार? ती बसमध्ये पाय ठेवते न ठेवते तोच त्याला आरशात दिसणार. तो घरी असला पाहिजे, आणि ती जी कोण आहे ती तिथे बेसावध असली पाहिजे. त्याची सुट्टी सोमवारी, पण सोमवारी तो नसतो हे तिलाही ठाऊक असणार. वार दुसरा हवा.

"गुरुवारी पाण्याची टाकी धुवायला माणूस येणार आहे," तिने जेवताना सांगितलं. "घरी कुणीतरी पाहिजे. माझ्याकडे मोठी ऑर्डर आहे. तुम्ही सुट्टी घ्या. माणूस वयस्कर आहे, एक डोळा जरा अधू आहे, शिडी स्वतःची आणतो." खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा तपशिलात शिरतो.

"गुरुवारी नाही जमणार. सोमवारी बोलाव."

"सोमवारी तो येत नाही. एक दिवस दुसऱ्याने बस चालवली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्याने घास बराच वेळ चावला. "मला आधी सांगून ठेवावं लागतं."

"मग सांगा की डेपोला."

"डेपोचं नाही गं..." एवढं बोलून तो थांबला.

"मग कुणाचं?"

"काही नाही. घेतो सुट्टी."

बुधवारी संध्याकाळी तो फोन घेऊन मोरीत शिरला आणि नळ सोडला. ती दाराला कान लावून उभी राहिली. पाण्याच्या आवाजातून तुकडे तुकडे आले. "तिला सांग, मी उद्या नाही... वाट बघेल रे ती... तू विसरू नकोस म्हणजे झालं."

तिच्या हातातलं फडकं तिथेच गळून पडलं.

गुरुवारी ती कारखान्याच्या वाटेला लागली आणि कोपऱ्यावरून वळून बसस्टँडवर गेली. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर लेकीचा जुना काळा चष्मा. बस तीच, पुढच्या काचेला लाल पट्टा असलेली. ड्रायव्हर नवा, तरुण, केस नीट विंचरलेले. ती पुढून तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली.

"कुठलं तिकीट?" कंडक्टर आला आणि चष्म्यात वाकून बघायला लागला. "वहिनी? अहो, तुम्ही इथे?"

"पुलाचं द्या. आणि हळू बोला."

त्याने तिकीट दिलं. पुढे सरकायला लागला तसा तिने त्याच्या चामडी पिशवीचा पट्टा पकडला.

"काल मोरीतून फोन तुम्हालाच होता ना? काय निरोप दिला यांनी?"

"नंतर सांगतो वहिनी, मला जरा पुढे जाऊ द्या. ड्रायव्हरला एक सांगायचंय."

"ड्रायव्हरला नंतर. आधी मला. तिला काय सांगायचंय?"

"कुणाला?"

"जिच्यासाठी बस हळू होते तिला!"

मागच्या बाकावरच्या दोन बाया बोलायच्या थांबून ऐकायला लागल्या. कंडक्टर घामाघूम.

"अहो, ती मुकादमबाई आहे!"

"बाईच ना?"

"बाई म्हणजे... देवा, कसं सांगू! तिला नातवंडं आहेत. पट्टा सोडा वहिनी, उतार आला बघा, मला ड्रायव्हरला—"

"नातवंडं असली म्हणून काय झालं? मलाही होतील उद्या."

बस उताराला लागली. रस्ता नवा, गुळगुळीत, आरशासारखा. कडेला पाटी होती, पांढऱ्या गोलात ऐंशी. खाली पूल दिसत होता आणि पुलाच्या अलीकडे दोन्ही अंगांना हिरवी जाळी लावलेली नर्सरी, मधून रस्ता गेलेला. ती कंडक्टरचा पट्टा धरूनच काचेतून बघायला लागली. आणि दिसली! रस्त्याच्या कडेला, डोक्याला गुलाबी फडकं बांधलेली, बारीक अंगाची एक बाई. हातगाडी घेऊन उभी. तिने लाल पट्ट्याची बस बघितली आणि हसून हात वर केला.

ही ती. सापडलीस!

पण त्या बाईने हात खाली केला, मान खाली घातली आणि हातगाडी सरळ रस्त्यावर ढकलली. बसकडे पुन्हा बघितलंही नाही. तिच्यामागून दुसरी निघाली, तिसरी निघाली. सगळ्याजणींनी मान खाली घालून, गप्पा मारत, अंगणातून चालल्यासारखं चालायला सुरुवात केली. आणि बस हळू झालीच नाही.

"थांबव!" कंडक्टर ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते पुढे पोचलंच नाही.

ड्रायव्हरच्या बायकोला एवढं ठाऊक असतं, की एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि घणाघणा वाजायला लागली तर काही विचारू नको, ब्रेक दाब. घंटेची दोरी तिच्या डोक्यावरूनच गेली होती. तिने पट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळली.

ब्रेक लागला. पण ऐंशीवर असलेली भरली बस काही बैलासारखी हाकेसरशी उभी राहत नाही. टायर किंचाळले, लोक एकमेकांवर पडले, तिचा चष्मा कुठल्या कुठे गेला. समोर काहीतरी धाडकन आपटलं, काचेवर माती उडाली, आणि मग सगळं थांबलं.

ती खाली उतरली. हातगाडी बसच्या तोंडाखाली चेपली होती, कुंड्यांचे तुकडे रस्ताभर. गुलाबी फडक्यावाली रस्त्याच्या कडेला बसली होती. मागच्या बाईने तिला एप्रनच्या नाड्यांना धरून मागे ओढलं होतं. गुडघा फुटला होता, बाकी जिवंत होती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आमचीच बस होती ना? आमचीच होती ना?"

जाळीमागून एक उंच म्हातारी बाई धावत आली, तीच मुकादमबाई. आवाज असा की पुलापलीकडे ऐकू जावा.

"आमचा ड्रायव्हर कुठाय? तू कोण रे?"

नवा ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून खाली उतरला. "मी नियमात होतो," तो म्हणाला. "पाटीवर ऐंशी आहे. मी एका काट्यानेही वर नव्हतो. विचारा कुणालाही."

"त्याही गाडीवाल्याने हेच सांगितलं होतं," म्हातारी म्हणाली आणि तिथेच दगडावर बसली.

मग तिच्या तोंडून सगळं कळलं. पूर्वी इथे पाटी साठाची होती. नर्सरीची जागा रस्त्याने दोन भागांत कापली गेलेली. एकीकडे रोपं, दुसरीकडे माती आणि कुंड्यांची शेड. म्हणून दिवसातून कित्येकदा ओलांडणं आलंच. रस्ता गुळगुळीत केला आणि साठाचे ऐंशी केले. गंमत अशी की साठाची पाटी होती तेव्हा लोक ऐंशीने जायचे, ऐंशीची झाली तसे शंभराने जायला लागले. त्यांच्यातली एक बाई अशाच एका गाडीखाली गेली. त्या गाडीच्या मागेच ही बस होती. ड्रायव्हरने खाली उतरून तिच्या अंगावर स्वतःची चादर घातली. त्या दिवसापासून तो प्रत्येक फेरीला इथे बस बैलगाडीसारखी चालवतो. पुढे अरुंद पूल असल्यामुळे मागच्यांना पुढे काढता येत नाही, सगळ्यांनाच हळू व्हावं लागतं. वर चढणाऱ्या बाजूला तर ट्रक तसेच रांगत असतात. तेवढ्यात या बाया पलीकडे जातात.

"सोमवारी तो नसतो, तर आम्ही पुलाखालून वळसा घालून जातो," मुकादमबाई म्हणाली. "आज गुरुवार. आम्हाला काय माहीत?"

"आणि ती झाडं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुठली झाडं? अहो, आम्ही त्याला एखादं रोप देतो खिडकीतून. नको नको म्हणतो, आम्ही बाही धरून कोंबतोच. तुम्हाला हो कसं माहीत? तुम्ही कोण त्याच्या?"

"बायको," ती म्हणाली.

गुलाबी फडक्यावालीने मातीचे हात पुसले आणि तिचे पाय धरायला वाकली. ती घाईने मागे सरली. तिला जमीन दुभंगून आत जाता आलं असतं तर ती पाटीसकट गेली असती.

घरी आली तेव्हा नवरा टाकीवाल्याची वाट बघत गच्चीवर बसला होता. "तो अधू डोळ्याचा आलाच नाही," म्हणाला. तिने सगळं सांगितलं, टाकीपासून घंटेपर्यंत, काही न गाळता. त्याचं तोंड पांढरं पडत गेलं.

"मी म्हणत होतो ना, मला आधी सांगावं लागतं!"

"काय म्हणत होता? मोरीत नळ सोडून म्हणत होता! मला सांगायला काय झालं होतं?"

"मुद्दाम हळू चालवतो हे डेपोला कळलं तर मार्ग बदलतील. जितक्या कमी जणांना माहीत तितकं बरं. आणि तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कोण बाया, किती बाया, तुम्हालाच बरा पुळका."

"विचारलंच असतं!"

"मग?"

"मग तुम्ही उत्तर दिलं असतं! एवढं अवघड होतं का ते?"

तो गच्चीच्या कठड्याला टेकला. मग तो हळूच म्हणाला, "तू त्या कंडक्टरला अडवलंस ते खरं. पण त्या बायांना मान खाली घालून रस्ता ओलांडायला शिकवलं कुणी? मीच ना? मला ताप आला असता, गाडी बदलली असती, तरी हेच झालं असतं. वाटलं, मी हळू झालो की झालं. रस्त्यावर मी एकटा थोडाच असतो."

 त्याला दोष द्यावा तर स्वतःच्या हातावर अजून कंडक्टरच्या पिशवीच्या पट्ट्याचा वळ होता.

पाटीचं म्हणाल तर चेपलेल्या हातगाडीचा अहवाल वर गेला, साहेब लोक येऊन मापं घेऊन गेले, मुकादमबाईने त्यांना सोडलं नाही, आणि पुष्कळ खेटे घातल्यावर ऐंशीची पाटी उतरून पुन्हा साठाची लागली, खाली रस्त्यावर पांढरे पट्टे आले. पण ते पुढे. त्याआधी, अपघातानंतरच्या पहिल्याच रविवारी, नर्सरीत गिऱ्हाईक भरपूर असताना, ती सकाळच्या गाडीने एकटीच जाऊन उतरली आणि बायांच्या रांगेत पहिली उभी राहिली.

उतारावर लाल पट्ट्याची बस दिसली. नेहमीप्रमाणे हळू झाली. काचेमागे नवरा होता. बायांचे पाय उचलले गेले.

"थांबा," तिने हात आडवा धरला.

"अहो बाई, तुमचेच आहेत की!" गुलाबी फडक्यावाली म्हणाली. तिच्या गुडघ्याला अजून पट्टी होती.

"म्हणून तर सांगते. बसचा रंग बघायचा नाही. ड्रायव्हरचं तोंड बघायचं नाही, हसला तर मुळीच बघायचं नाही. चाकं बघायची."

बस आणखी हळू झाली. नवऱ्याने आतून हात हलवला, जा म्हणून. कुणी हललं नाही. त्याने पुन्हा हलवला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. बस रांगत रांगत जवळ आली, तरी ती तशीच उभी, नजर चाकांवर. शेवटी त्याने ब्रेक पूर्ण दाबला. बस उसासा टाकून जागच्या जागी उभी राहिली.

"आता?" मुकादमबाईने विचारलं.

"आता चढणीकडची बाजू बघा."

"ट्रक आहे. लांब आहे, रांगतोय."

"मग चला."

हातगाड्या निघाल्या. ती सगळ्यांत शेवटी, दोन्हीकडे बघत. ती बसच्या तोंडासमोर आली तसं नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"घरी आहे," ती म्हणाली, "रस्त्यावर नाही." आणि पुढच्या हातगाडीला हात लावून ती पलीकडे गेली.